घरात पुन्हा कुत्रं आणताना

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही राज्य शासनाच्या पशुपालन खात्यात नोकरीला. शिक्षण म्हणाल तर पशुवैद्यकातला डिप्लोमा. म्हणजे आम्ही डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारे. वर्षातले बरेच दिवस गाई-म्हशींच्या लाळ-खुरकताच्या लसी, कानातले बिल्ले आणि रजिस्टरं यांतच जातात. पण खात्यातले म्हटल्यावर आपल्या समाजातली मंडळी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुत्र्यामांजरांचंच विचारतात. त्यात एक प्रश्न आता वरचेवर येतो. "आमचा कुत्रा गेला हो. आता आमचीही वयं झाली. एखादी लहान जात सांगा, झेपेल अशी."

हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्याही घरात उभा राहिला. आमचा राजा, लॅब्रेडॉर, 12 वर्षांचा होऊन गेला. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, मुलगी कॉलेजात. राजाच्या निमित्तानं आई रोज संध्याकाळी खाली उतरायची, चार बायकांशी बोलायची. तो गेल्यावर तिचं उतरणंच बंद झालं. म्हणून पुढचा विचार करणं भाग पडलं. त्या विचारात जे जे लक्षात घेतलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट दुःखाची. "कुत्र्यासाठी कसलं एवढं रडायचं?" असं म्हणणारे भेटतातच. त्यांचं मनावर घेऊ नका. आपल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्याच्याबरोबरही कुत्रा आहे. महाभारतात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार झाला नाही. तेव्हा घरातलं कुत्रं गेलं म्हणून जेवण गेलं नाही, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण या दुःखावर लगेच दुसरं पिल्लू हा उपाय नव्हे. पुण्याला किंवा परदेशात असलेली मुलं प्रेमानं वाढदिवसाला पिल्लू पाठवतात. आई-बाबा एकटे पडले, त्यांना सोबत होईल, ही भावना चांगलीच. पण ज्याला सांभाळायचं आहे त्याला न विचारता पिल्लू पाठवू नये. नवं कुत्रं हे गेलेल्याची बदली ड्यूटी नव्हे. त्याची खोड वेगळी, भूक वेगळी, भीती वेगळी. गेलेल्याचं नाव नव्याला ठेवू नये असं आमचं मत आहे, कारण नाव तेच असलं की दिवसातून दहा वेळा तुलना होते.

थांबण्याला एक वैद्यकीय कारणही आहे. आधीचं कुत्रं पार्व्होनं गेलं असेल, म्हणजे रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन, तर तो विषाणू घरात आणि अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. साध्या फिनाईलच्या भरवशावर राहू नये. फरशी, भांडी ब्लीचच्या पाण्यानं धुवावीत, जुनी गादी टाकून द्यावी आणि लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू त्या घरात आणू नये.

आता लहान जातीकडे येऊ. लोक आधी जात विचारतात. आमचं म्हणणं, आधी घर बघा. तीन प्रश्न कागदावर लिहा. पहिला, सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर कोण नेणार? "सगळे मिळून" हे उत्तर चालत नाही, एकाचं नाव लिहा. दुसरा, किती वर्षं? लहान जातीची कुत्री मोठ्या जातींपेक्षा जास्त जगतात, 12 ते 15 वर्षं सहज. आज सत्तरीत असलेल्या माणसानं पिल्लू आणलं तर ते म्हातारं होईल तेव्हा धनी पंचाऐंशीचा असेल. मधे आजारपण आलं तर कुत्रं कोणाकडे जाणार, हे आजच ठरलेलं हवं. तिसरा, जागा कशी आहे? तिसरा मजला, लिफ्ट नाही, गच्चीवर ऊन, की अंगणाचं घर?

लहान म्हणजे सोपं, हा समजही बाजूला ठेवा. मोठं कुत्रं ओढून पाडतं, तर लहान कुत्रं पायात येऊन पाडतं. वयस्क माणसाच्या खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. म्हणून गळ्यातल्या पट्ट्याला एक घुंगरू बांधा, म्हणजे ते कुठे आहे हे कळतं. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर बारीक दिवा ठेवा.

आता आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या जाती.

पग आपल्याकडे घरोघरी पोचला तो 2003 च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीमुळे. वजन 6 ते 8 किलो, स्वभावानं लाघवी. पण नाक चपटं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेच नीट जमत नाही. आपल्या माळव्याच्या रात्री सुखाच्या, पण मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. पग घ्यायचा तर उन्हाळ्यात दिवसभर कूलर आणि फिरणं सकाळी सातच्या आत, हे आधी मान्य करा. शिह त्झूचंही नाक चपटं, शिवाय केस लांब. रोज विंचरणं आणि डोळे पुसणं आलंच. ल्हासा अप्सो तिबेटच्या थंडीतला. त्याचे केस उन्हाळ्यात लहान ठेवावे लागतात, आणि अनोळखी माणसावर तो चांगलाच भुंकतो.

डॅक्सहुंड, म्हणजे लांब अंगाचा, आखूड पायांचा. तो जर्मनीत बिळातल्या जनावरांच्या शिकारीसाठी तयार केलेला. उन्हाला पगपेक्षा बरा. पण त्याच्या पाठीचा कणा नाजूक. सोफ्यावरून उड्या, जिन्याची चढउतर आणि वाढलेलं वजन यांनी मणक्यांमधली चकती सरकते आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा. बीगल दिसायला गोजिरवाणा, पण तो वासामागे धावणारा शिकारी कुत्रा. त्याला भरपूर पळवावं लागतं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला तो दमवतो.

मग राहिला आपला "पॉमेरियन". खरा पॉमेरियन दोन-तीन किलोचा असतो. त्याचं नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरानिया प्रांतावरून पडलं. आपण ज्याला पॉमेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथेच तयार झालेली ही जात. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी हाच. लहान आकाराचा 5 ते 7 किलोचा, नाक लांब, आपल्या हवेला पिढ्यान् पिढ्या रुळलेला, दही-भात-पोळीवरही वाढलेला. त्याचे दोष दोन. भुंकणं फार, आणि केस घरभर. शिवाय दातांवर कीट लवकर चढतं आणि गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास काहींना होतो, म्हणून वजन वाढू द्यायचं नाही.

आणि गल्लीतलं देशी पिल्लू विसरू नका. ते अगदी लहान राहत नाही, 15 ते 20 किलोचं होतं. पण उन्हाला पक्कं आणि पोटाला दणकट. ज्यांच्या घरी अंगण आहे, फिरवणारा तरणा मुलगा आहे, त्यांनी आधी त्याचाच विचार करावा.

आमच्या घरी कागदावर उत्तरं लिहिली तेव्हा गोष्ट स्पष्ट झाली. फिरवणार आई, वय 71. पिल्लाला दिवसातून आठ वेळा शी-शू शिकवणं, चपला वाचवणं, रात्री उठणं तिला झेपणारं नव्हतं. म्हणून आम्ही पिल्लू आणलंच नाही. बदली होऊन परगावी गेलेल्या एका कुटुंबाची पाच वर्षांची स्पिट्झ कुत्री घेतली. नाव तिचं आधीचंच, चिंगी. तिला घरात स्वच्छ राहायची सवय होती, पट्ट्याला न ओढता चालायची सवय होती. आमच्याकडे एक दिवस राहायला आणून मग ठरवलं. पहिले पंधरा दिवस ती दाराशी बसून जुन्या घरच्यांची वाट बघायची. आईनं तिला ओढून जवळ घेतलं नाही, नुसती शेजारी पाट टाकून भाजी निवडत बसायची. त्या दोघींना एकमेकींचं काहीतरी कळत असावं. आता संध्याकाळी पावणेसहाला चिंगी दाराशी जाते आणि आईला उठावंच लागतं.

मोठ्या वयाचं कुत्रं घेताना एवढं पाहा: दात, कातडी, गोचिड्या, लसीचं कार्ड. मादी असेल तर नसबंदी झाली आहे का ते विचारा. न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पुढे पू होण्याचा धोका असतो. शंका असली तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला लांब नाही.

पिल्लूच विकत घ्यायचं असेल तर केंद्र शासनाचे 2017 चे नियम लक्षात ठेवा. पैदास करून विकणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई दाखवा म्हणावं. दाखवायला का-कू करत असेल तर परत फिरावं. पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात आणि 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं द्यायच्या असतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि मग ठरल्या मुदतीत पुन्हा. 28 सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास बऱ्याच सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत मिळते, त्याचा लाभ घ्यावा.

शेवटी गणपतीच्या दिवसांबद्दल. या दहा दिवसांत नवं कुत्रं घरी आणू नका. पाहुणे, ढोल-ताशे, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा रात्रभराचा आवाज, यांत ते बिचकतं आणि दार उघडं दिसलं की पळतं. घरात आहे त्याला मिरवणुकीच्या वेळी आतल्या खोलीत पंखा लावून ठेवा. आणि प्रसाद! पंचखाद्यातले बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. चॉकलेटचे मोदक, कांदा-लसणाची भाजी, हेही नको. इथे लहान जातीचा धोका जास्त. 30 किलोच्या लॅब्रेडॉरनं खाल्लेली मूठभर मनुका आणि 5 किलोच्या स्पिट्झनं खाल्लेली तेवढीच मनुका, यांत वजनाच्या मानानं सहापट फरक पडतो. आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्याही मनानं देऊ नका. चुकून खाल्लं तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा. बाप्पाचा प्रसाद म्हणून द्यायचाच असेल तर ओल्या खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा पुरे.

घरोघरी हा प्रश्न वेगळा असतो, म्हणून अमुकच जात घ्या असं आम्ही कोणालाच सांगत नाही. तीन उत्तरं लिहिलेला कागद घेऊन या, चहाच्या वेळी निवांत बोलू. ज्यांची उत्तरं "आता नको" अशी येतील त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. शेजारच्याच्या कुत्र्याला रोज अर्धा तास फिरवून आणणं हीसुद्धा सोबतच आहे, आणि शेजाऱ्यालाही तेवढी मदत होते.

 गणपती बाप्पा मोरया!