आपण कुठं उभे होतो

खांद्याला कॅमेरे लावून गावोगावहून आलेल्या छायाचित्रकार मित्रमैत्रिणींनो, आणि कुही, मांढळ, वेलतूर, पचखेडीहून आलेल्या माझ्या तालुक्याच्या माणसांनो,

स्वागत समितीच्या वतीनं आपणा सर्वांचं कुहीत मनापासून स्वागत करतो.

स्वागताध्यक्ष म्हटलं की आमदार, कारखानदार नाहीतर पतसंस्थेचा अध्यक्ष. मंडपाचा खर्च ज्याच्या खिशातून, स्वागत त्याच्या तोंडून, असा आपल्याकडचा सरळ हिशोब आहे. यंदाचा मंडप लोकवर्गणीचा आहे. त्यामुळे समितीला जरा मोकळीक मिळाली आणि बाजारात फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाला इथं उभं केलं गेलं. आयुष्यभर मी लोकांना ‘हनुवटी थोडी खाली, खांदे सरळ’ असं सांगत आलो. आज एवढे कॅमेरे माझ्यावर रोखलेले पाहून माझी स्वतःची हनुवटी कुठं ठेवावी ते सुचत नाही.

छायाचित्रण आणि आत्मपरीक्षण असा विषय ठरला, तेव्हा बैठकीत आमचा एक कास्तकार मित्र म्हणाला, “फोटो तर दुसऱ्याचा काढता, मंग परीक्षण आपलं कसं होते जी?” सगळे हसले. मला मात्र त्याचा प्रश्न अजून सोडत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचे रोल धुताना आणि कॉप्या काढताना मला एक दिसत आलं आहे. फोटोत जो असतो, त्याच्याविषयी फोटो थोडंच बोलतो. काढणारा कुठं उभा होता, किती जवळ गेला, किती वेळ थांबला, कडेचं काय कापून टाकलं, हे तो न विचारता सांगून टाकतो. तेव्हा आपल्या फोटोचा पहिला वाचक आपणच असावं, एवढंच माझं म्हणणं. बाकीचं उद्या-परवा जाणकार बोलतील.

आता कुहीच का, असं कुणी विचारलं तर आमच्याकडे उत्तर तयार आहे. इथून पुढं आंभोरा आहे. वैनगंगेच्या काठी मुकुंदराजांनी तिथंच ‘विवेकसिंधु’ रचला, अशी आमच्याकडची परंपरा. ग्रंथावरचा शक १११०, म्हणजे इसवी सन ११८८. मराठी भाषेला धड मिसरूड फुटलेलं नसताना ‘मी कोण’ या प्रश्नावर मराठीत ग्रंथ लिहायला बसलेला माणूस आमचा आहे, असं आम्ही म्हणतो. आंबेजोगाईकर म्हणतात, तो आमचा. आज सभागृहात आंबेजोगाईचे कुणी असतील तर त्यांनी जेवण झाल्यावर भेटावं. भरल्या पोटी वाद सौम्य होतो.

उद्या सकाळी आपण आंभोऱ्याला जाणार आहोत. पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, २०२४ मध्ये खुला झालेला केबलचा पूल आणि त्याच्या मनोऱ्यावरची प्रेक्षक सज्जा. वरून पाणी निळंशार दिसतं, फोटो उत्तम येतात. एकच लक्षात असू द्या. नागपूरची नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान इथं वैनगंगेला. फोटोला वास येत नाही, ही फोटोची सोय आहे.

या निळ्या पाण्याखाली आमची गावं आहेत. गोसीखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसली. धरण तिकडे पवनीजवळ, पण पाणी चढत चढत आमच्या तालुक्यात आलं. मोजण्या झाल्या, नोटिसा आल्या, मोबदल्याच्या फायली फिरल्या. त्या काळात माझ्या दुकानात पासपोर्ट फोटोंची रीघ लागायची, कारण प्रत्येक अर्जाला फोटो. सरकारला माणसाचा चेहरा हवा होता. घराचा पंचनामा व्हायचा; त्यात खोल्या किती, कवेलू की टिन, विहीर आहे का, एवढं लिहिलेलं असायचं.

पुढं काही वर्षांनी तीच माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीतून परत यायला लागली. मागणी वेगळीच. “भाऊ, आमच्या घराचा फोटो असंल का तुमच्याजवळ?” मी निगेटिव्हचे डबे उघडायचो. घराचा म्हणून काढलेला फोटो कुणाचाच नव्हता. लग्नाचे होते, नामकरणाचे होते, नवीन ट्रॅक्टरला हळदकुंकू लावल्याचे होते. मग आम्ही दोघं मिळून शोधायचो. नवरीच्या डाव्या खांद्यामागं दाराची चौकट दिसते. वरातीच्या फोटोत कोपऱ्यात कडुनिंब आहे. आजीच्या मागं शेणानं सारवलेली भिंत आणि भिंतीला टांगलेलं सूप. लोक म्हणायचे, “नवरी राहू द्या, मागचं मोठं करून द्या.” मी एन्लार्जरखाली नवरी कापायचो आणि चौकट मोठी करायचो. दाणेदार, धूसर अशी ती कॉपी घेऊन माणसं बोटानं दाखवायची, हा कोनाडा, इथं दिवा असे.

सांगायचं ते असं. ते फोटो काढताना माझं लक्ष चेहऱ्यावर होतं, गिऱ्हाइकाचं स्वतःवर होतं आणि गाव मागं आपसूक उमटत गेलं होतं. माणूस कशातला आहे हे बहुधा त्याच्या मागं असतं, आणि तेच आपण धूसर करतो. आजच्या मोबाइलमध्ये तर मागचं पुसून टाकायची वेगळी सोय आहे. पोर्ट्रेट मोड म्हणतात त्याला. तुमच्याजवळच्या जुन्या फोटोंत एकदा चेहरे सोडून फक्त मागचं बघत जा. आपण काय गृहीत धरलं होतं त्याची यादीच हाती लागते. हे सांगताना मी तरुणांच्या सेल्फीला नावं ठेवणार नाही. आमच्या स्टुडिओतही रंगवलेला पडदा होता, त्यावर ताजमहाल होता आणि सुताराच्या पोरापासून तलाठ्यापर्यंत सगळे त्या ताजमहालापुढं मान कलती करून उभे राहिले आहेत.

दुपारी मिरचीच्या सातऱ्यावर जायचं आहे. हंगामात कुही, मांढळ, भिवापूरकडे मोकळ्या रानावर लाल मिरची पसरलेली असते आणि बाया रांगेनं बसून देठ खुडत असतात. हा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. लाल समुद्र, मध्ये हिरवं-पिवळं लुगडं. आता तर ड्रोनवरून. सुंदरच असतो. पण त्यातल्या पदरांकडे बघा. पदराची टोकं बहुतेक फोटोंत कॅमेऱ्यापासून पलीकडे उडत असतात. म्हणजे फोटोग्राफर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा आहे. खालच्या अंगाला उभं राहिलं की ठसका लागतो, डोळे वाहतात, फोकस जमत नाही. बाया मात्र वारा फिरेल तशी जागा बदलू शकत नाहीत. त्या तोंडाला फडकं बांधतात आणि घरी गेल्यावर हाताची आग जाईस्तोवर लेकराच्या तोंडाला हात लावत नाहीत. खालच्या अंगाला जाऊन फोटो काढलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. रात्री फोटो चाळताना पदर कुणीकडे उडतात तेवढं पाहा.

आपल्या विदर्भातले, अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत गटारात उतरलेला माणूस आणि त्याच्याकडे पाहणारा कॅमेरा यांच्यातलं अंतर बघा. वरून वाकून काढलेला फोटो वेगळा आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरून काढलेला वेगळा. पुरस्कार नंतरचा, आधी उतरावं लागतं.

आता एक कडू गोष्ट. ती आमच्याच अंगणातली आहे, म्हणून पाहुण्यांपुढं बोलायला हरकत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव सफारीत, एफ-२ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर होती. पर्यटकांच्या जिप्सींनी तिची वाट दोन्हीकडून अडवली. चित्रफीत फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. चालकांना आणि मार्गदर्शकांना शिक्षा झाली हे ठीकच. पण गाडी थोडी पुढं घ्या, अजून थोडी, असं मागून कोण म्हणत होतं? त्या दिवशी निघालेले फोटो आजही कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये असतील. त्यात वाघीण छान दिसत असेल. तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते जंगलाचं नाही, समोरच्या गाड्यांचं आहे. म्हणजे तो फोटो वाघिणीचा नाहीच, जिप्सीत बसलेल्यांचा आहे.

संमेलनाच्या या विषयावर मी वाचू लागलो तेव्हा फार लांब जावं लागलं नाही. वर्ध्याजवळच सापडलं. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. त्याचंच पुढं सेवाग्राम झालं. त्यांचा पुतण्या नारणदास, त्याचा मुलगा कनू. विशीतला पोरगा, बापूंच्या कार्यालयात पत्रव्यवहार आणि हिशोब बघायचा. विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजीराव भावे यांनी त्याला फोटोग्राफीची गोडी लावली. बापू म्हणाले, कॅमेऱ्याला आश्रमाजवळ पैसे नाहीत. मग घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलिफ्लेक्स आणि फिल्म आली. बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. मला कधी ‘असे बसा’ म्हणायचं नाही. आश्रमाकडे पैसे मागायचे नाहीत.

आमच्या धंद्यातला माणूस या अटी ऐकून दुकानाचं शटर ओढेल. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, लहान खिडक्या, त्या काळच्या मंद फिल्म आणि फ्लॅश नाही! म्हणजे उजेड स्वतःच्या पायानं यायची वाट बघायची. पोझ मागायची नाही, म्हणजे समोरचा माणूस कधी मान वळवतो, कधी हसतो, हे आधीच ओळखता येईल इतकं त्याच्या सहवासात राहायचं. आणि पैसे नाहीत; एका रोलवर बारा फोटो, तेराव्याची किंमत स्वतः कमवायची. कनूनं वर्तमानपत्रांना फोटो विकून ती कमावली. रोलिफ्लेक्स कॅमेरा पोटाशी धरतात आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघतात. त्या काचेत डावं ते उजवं दिसतं. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना आठवत असेल, समोरच्याला आपला फक्त भांग दिसतो. डोळ्याला कॅमेरा लावून नेम धरणं वेगळं आणि असं झुकून बघणं वेगळं. हे मी उगाच भाविकपणे बोलत नाही, दोन्ही कॅमेऱ्यांपुढं गिऱ्हाइकाचा चेहरा वेगळा होतो हे दुकानात रोज पाहिलं आहे.

कनू गांधींचे कितीतरी फोटो पाठमोरे आहेत. चालणारे बापू, मागून. परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमांवर झुकलेले बापू. जगातल्या मोठमोठ्या फोटोग्राफरना जे मिळालं नाही, ते या मुलाला त्या तीन अटींमुळं मिळालं, असं माझं मत आहे. मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ मध्ये पुण्यात आली, तेव्हा तिला आधी चरखा शिकावा लागला. तीन फ्लॅशबल्बची मुभा मिळाली आणि चरख्यामागच्या गांधींचा तिचा फोटो जगभर गेला. फोटो थोरच आहे. पण एका दुपारचा आहे. कनूचे फोटो सोबत राहण्याचे आहेत.

आणि एक फोटो त्यानं काढला नाही. २२ फेब्रुवारी १९४४, पुण्याचा आगाखान पॅलेस, कस्तुरबांचे शेवटचे क्षण, बापूंच्या मांडीवर. कनू तिथं होता. बापूंनी फोटो काढू दिला नाही. पुढं ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत नव्हता, बापूंनीच नेमून दिलेल्या कामावर नोआखलीत होता. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्याची पत्नी आभा बापूंच्या शेजारी होती. बारा वर्षं ज्याच्यामागं चालला त्याचा अंत त्याच्या कॅमेऱ्यात नाही. आज अपघात झाला की मदतीला धावायच्या आधी हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. त्या वेळी मला तो न काढलेला फोटो आठवतो. या संमेलनात प्रदर्शन भरलं आहे, बक्षिसं आहेत, सगळं काढलेल्या फोटोंचं आहे. न काढलेल्या फोटोंवर कुणी बोलणार असेल तर वेळ काढून देण्याची विनंती मी सूत्रसंचालकांना करून ठेवली आहे.

बरं, आता माझं मुख्य काम, म्हणजे सोय सांगणं. राहण्याची व्यवस्था शाळेच्या वर्गांत आणि काही घरांत आहे. रात्री थंडी पडते, ब्लँकेट मागून घ्या, लाजू नका. आज जेवायला गोळाभात आणि कढी. ज्यांना तिखट चालत नाही त्यांनी ताट घेण्याआधी सांगावं, घेतल्यावर सांगून उपयोग नाही. आंभोऱ्याची गाडी सकाळी सहाला सुटेल. फोटोग्राफर उजेडासाठी वेळेवर येतात असा अनुभव आहे, सत्कारासाठी येत नाहीत.

सातऱ्यावरच्या बायांशी आमच्या समितीतल्या भगिनी बोलून आल्या आहेत. फोटो काढायला त्यांची ना नाही. त्यांची एकच अट आहे. आजवर फोटो काढून नेणारे पुष्कळ आले, कॉपी कुणी आणून दिली नाही, ती पाहिजे. म्हणून मंडपाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. जिचा फोटो काढाल तिचं नाव आणि गाव तिला विचारून त्या वहीत लिहायचं, पुढं आपलं नाव आणि फोन नंबर. कॉप्यांचा खर्च समिती करील. बाईचं नाव विचारायचं राहिलं असेल, तर परत जाऊन विचारून यावं लागेल. सातरा इथून काही लांब नाही.

उद्घाटक महोदयांना मी आता दीपप्रज्वलनासाठी विनंती करतो.