ज्यांचे नाव हजेरीपटावर नाही
(सोलापुरातील गिरणी व यंत्रमाग कामगारांच्या द्वारसभेत केलेले भाषण)



सभा म्हटली की पुढाऱ्यांची नावे घ्यायची, हार घालायचे, घोषणा द्यायच्या आणि घरी जायचे, अशी रीत पडून गेली आहे. ती रीत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी तुरुंग भोगला, लाठ्या खाल्ल्या, त्यांना हार घातलाच पाहिजे. पण आज आम्ही त्या हाराच्या मागचे बोलणार आहोत. हार ओवला कोणी? ही सतरंजी अंथरली कोणी? कर्ण्याची वायर झाडावर चढून बांधली कोणी? सभा संपल्यावर तुम्ही-आम्ही घराकडे चालू लागू, तेव्हा मागे राहून ही जागा झाडणार कोण? त्याचे नाव पत्रकात नसते. आजची सभा त्या माणसाची आहे.

आम्ही चार इयत्ता शिकलेली माणसे. मोठे शब्द आम्हाला येत नाहीत. म्हणून आपल्या रोजच्या कामातलाच दाखला घेतो.

सोलापुरी चादर घ्या. २००५ साली तिला सरकारदरबारी भौगोलिक मानांकन मिळाले, म्हंजे सोलापूरची चादर ती सोलापूरचीच, दुसऱ्या कुणी ते नाव लावायचे नाही. आपली छाती फुगली. पण बघा, एका चादरीमागे किती हात आहेत ते मोजा. लोक म्हणतात, चादर विणकराने विणली. खरे आहे. पण विणकराच्या हाती धोटा येतो तो भरलेल्या कांडीसकट. ती कांडी भरली कुणी? पूर्व भागातल्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत बसलेल्या बाईने. सूत सैल भरले तर माग थांबतो, घट्ट भरले तर धागा तुटतो. तिच्या बोटांना जे कळते ते यंत्राला कळत नाही. ताण्याचा एकेक धागा फणीतून ओवला कुणी? खाली वाकून, डोळे बारीक करून तासन् तास बसणाऱ्या माणसाने. जकार्डचे पत्ते भोके पाडून शिवले कुणी? मोराच्या पिसाऱ्यातला एक धागा चुकला तर सारा मोर वाकडा होतो. रंगाच्या हौदात कोपरापर्यंत हात घालणारा कोण? चादरीची टोके कापून, गाठी मारून, घड्या घालणारी कोण? आणि सगळ्यात शेवटी, मागाखाली साचलेला तंतूंचा भुसा झाडून नेणारी ती म्हातारी कोण?

त्या झाडूवालीला आपण काडीची किंमत देत नाही. पण एक ध्यानात घ्या. कापसाचा तो भुसा साचला तर दोन गोष्टी होतात. एक म्हंजे ठिणगी पडली तर सारे खाते पेटते. दुसरी म्हंजे तो भुसा आपल्या छातीत जातो. वर्षानुवर्षे ब्लो रूममध्ये, कार्डिंगमध्ये काम केलेल्या माणसाला सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढे दम लागतो, मग तो दम जन्माचा सोबती होतो. हा कापूसगिरणीचाच रोग आहे. ती बाई भुसा झाडते तेव्हा आपल्या वाट्याचा थोडा भुसा आपल्या छातीत घेते. आपला श्वास जरा मोकळा राहतो तो तिच्यामुळे. आणि हजेरीपट उघडून बघा. कंत्राटदाराच्या वहीत ती असेल, नाही तर कुठेच नसेल.

आता खानावळीकडे या. १८७७ साली सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हापासून या गावात खेड्यापाड्यातून माणूस येत राहिला. तसाच तो मुंबईला गेला. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे. बायको-पोरे गावाकडे. मग जेवायचे कुठे? कुणा विधवेच्या, कुणा बेकार कामगाराच्या बायकोच्या चुलीवर. पहाटे उठून वीस-पंचवीस माणसांच्या भाकरी थापायच्या. पैसे मिळायचे ते पगाराच्या दिवशी. महिनाभर पीठ-मीठ आणायचे कुठून? वाण्याकडून उधारीने, सावकाराकडून व्याजाने. म्हंजे कामगार पोटभर जेवला, आणि त्या जेवणाचे व्याज त्या बाईने भरले!

मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी ही गोष्ट ओळखली. १९७५ साली त्यांनी या बायांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बँका १९६९ साली सरकारच्या झाल्या होत्या, तरी या बायांना दारात कोण उभे करणार? तारण नाही, सातबारा नाही, सही येत नाही. पण बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि सरकारी बँकेचे कर्ज उभे राहिले. सावकाराचा फास सुटला. बंधूंनो, या कामगारांच्या चळवळी चालल्या त्या भाषणांवर चालल्या असे तुम्हाला वाटते काय? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार बंद झाला, पण भूक बंद होते काय? संप पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. तो महिनोन् महिने तगतो तो चुलीवर.

आता आपल्या घरात डोकावून बघा. लांब जायची गरज नाही. नव्वदीच्या दशकात सोलापूरच्या मोठाल्या गिरण्यांना टाळी लागली. ज्या भोंग्यावर गाव उठत होते, जेवत होते, झोपत होते, तो भोंगा मुका झाला. हजारो माणसे रस्त्यावर आली. काही जण रिक्षाकडे गेले, काही पुण्या-मुंबईला गेले, काही दारूच्या गुत्त्यावर बसले. त्या दिवसांत घराघरातली चूल कुणी पेटती ठेवली? विडी वळणाऱ्या बायांनी!

विडी वळणे हे काम काय आहे ते गिरणीतल्या माणसाने एकदा समजून घ्यावे. तेंदूची पाने आणायची, भिजवायची, मऊ झाली की पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप. चिमटीत तंबाखू. पान वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने दाबायचे. एक विडी झाली. अशा हजार वळाल तेव्हा मजुरी. पान खराब निघाले तर भुर्दंड तिचाच, विड्या नापास झाल्या तर श्रम तिचेच वाया. पाठ वाकते, मान धरते, तंबाखूचा धूर न ओढताही तंबाखू अंगात भिनतो. मांडीवर एका बाजूला सूप आणि दुसऱ्या बाजूला पोर. त्या हजार विड्यांतून पोरांची फी भरली गेली, घरभाडे गेले, नवऱ्याच्या औषधाचे पैसे गेले. आज या सभेत उभे असलेले कितीतरी तरुण त्या सुपाच्या काठाशी वाढलेले आहेत. मान खाली घालू नका, मान वर करा! हे सांगण्यात कसलीही लाज नाही.

यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी झाला. तो आपोआप झाला नाही. २००६ साली कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायांची सुमारे दहा हजार घरे उभी राहिली, त्या वसाहतीला गोदावरी परुळेकरांचे नाव दिले. पुढाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत आणि ती असावीत. पण मोर्चे म्हंजे काय असते? दिवसाची मजुरी बुडवून, पोर शेजारणीकडे ठेवून, उन्हात चालत जाणारी बाई. आणि ते पोर सांभाळणारी शेजारीण? ती मोर्चातही दिसत नाही. ती नसती तर मोर्चा निघाला असता काय?

कुणी म्हणेल, हे आजचे झाले. इतिहासाचे काय? इतिहासाचेही तेच. मे १९३० मध्ये सोलापूरने इंग्रज सरकारला हिसका दाखवला. गोळीबार झाला, मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले. चौघांच्या चार जाती, दोन धर्म, पण दोर एकच. त्यांचे पुतळे आपल्या गावात आहेत, आपण त्यांना वंदन करतो. कुर्बान हुसेन कामगारांत काम करत आणि ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. पत्र संपादकाच्या नावाने निघते. पण त्याचे खिळे जुळवायला, शाई लावायला, भल्या सकाळी ते वाटायला कुणाचे तरी हात लागलेच असतील. मार्शल लॉच्या दिवसांत रस्त्यावर लष्कर असताना कोंडलेल्या घरात भाकर पोचवणारे, जखमीला पडवीत घेणारे कोण असतील? लष्करी कोर्टाच्या दप्तरात गुन्ह्याची नोंद असते, उपकाराची नसते.

संयुक्त महाराष्ट्राचेही तसेच. १ मे १९६० ला राज्य झाले. शंभरावर माणसांनी त्यासाठी प्राण दिले. मुंबईत त्यांचे स्मारक आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांच्या आवाजाने मैदाने पेटत. पण शाहीर कधी एकटा गातो काय? मागे झीलकरी असतो. शाहिराचा श्वास संपतो तिथे झीलकऱ्याचा आवाज लागतो, म्हणून गाणे तुटत नाही. लोक शाहिराला ओळखतात, झीलकऱ्याला ओळखत नाहीत. तरी तो दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी पुन्हा उभा राहतो. या गावातही मराठीबरोबर तेलुगू आणि कानडी बोलणारी माणसे एकाच खात्यात राबली. तुटलेला धागा सांधताना कुणी कुणाची भाषा विचारत नाही. मराठीचा अभिमान आम्ही बाळगतो, आणि त्या अभिमानाने सांगतो की तेलुगू कांडीवालीचे आणि कानडी रंगाऱ्याचे ऋण आम्ही मानतो.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, लढाईतल्या जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले. त्यांना दोन देश मानतात. पण डॉक्टर एकटा शस्त्रक्रिया करत नाही. कंदील धरणारा असतो, पाणी उकळणारी असते, जखमीला खांद्यावर डोंगर ओलांडून आणणारा असतो. त्यांच्या पत्नी को चिंगलान स्वतः परिचारिका होत्या. डॉक्टरांचे मोठेपण याने कमी होत नाही, उलट वाढते.

आता मुद्द्याची गोष्ट. उपकार मानायचे म्हंजे करायचे काय?

मालक लोकही उपकार मानतात बरे का! दिवाळीला मिठाईचा पुडा देतात आणि म्हणतात, तुम्ही आमच्या घरचेच. घरचे म्हटले की पगाराची गोष्ट काढायची नाही! २२ मार्च २०२० ला साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. करोनाच्या त्या दिवसांत झाडूवाले, दवाखान्यातल्या आया, घरोघर फिरणाऱ्या आशाताई यांच्यासाठी त्या टाळ्या होत्या. टाळी वाजवणाऱ्याचे मन खोटे नव्हते. पण टाळीने चूल पेटत नाही. टाळी वाजवून ज्याची हजेरी लागत नाही, त्याचे उपकार फेडले असे होत नाही.

काही जण आम्हाला सांगतात, “ती बाई काम करते, पैसे घेते, त्यात उपकार कसले?” आम्ही विचारतो, ती घेते ते पैसे तिच्या कामाचे आहेत काय? गिरणीतला कामगार आजारी पडला तर त्याला विम्याचा दवाखाना मिळावा, म्हातारा झाला तर फंड मिळावा, यासाठी आपल्या वाडवडिलांनी झगडे केले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना तेही गेले. त्यांनी सुट्टी मागितली ती स्वतःपुरती मागितली काय? नाही. सगळ्यांसाठी मागितली. मग आपली मागणी पत्र्याच्या खोलीतल्या कांडीवालीच्या दारापाशी येऊन कशी थांबेल?

म्हणून या सभेपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. आपल्या मागण्यांच्या कागदावर कांडीवाली, झाडूवाली, घडीवाली, हमाल, कंत्राटी मदतनीस यांची मागणी खाली तळटिपेत नको, आपल्या मागणीच्या शेजारी पाहिजे. त्यांना ओळखपत्र, फंड, विमा, तोंडाला चांगला मुखवटा आणि बायांसाठी स्वच्छ मोरी. जिथे तीसपेक्षा जास्त बाया कामाला तिथे पाळणाघर पाहिजे, असे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने लिहिले होते. लिहिलेले पाळण्यासाठी असते, फळीवर ठेवण्यासाठी नसते.

दुसरी. युनियनच्या वर्गणीचे पुस्तक घेऊन त्यांच्याकडे आपण जायचे. त्या येतील म्हणून वाट बघत बसायचे नाही. त्यांच्या हाताला वेळ नाही. सभा त्यांच्या वेळेला घ्यायची, त्यांच्या गल्लीत घ्यायची, आणि त्यांतली एक तरी बाई या मंचावर बसली पाहिजे. चहा द्यायला नव्हे, बोलायला!

तिसरी. युनियनच्या खोलीत एक वही ठेवायची. प्रत्येक खात्याने आपापल्या खात्यात कोण कोण राबून गेले, कोण राबते आहे, त्यांची नावे लिहायची. बॉयलरपाशी भाजलेला, ताणा ओवताना डोळे गेलेला, संपात भाकरी पुरवलेली, सगळ्यांची. आणि दरवर्षी १ मे ला झेंडा वर गेला की भाषणाआधी ती नावे मोठ्याने वाचायची. १ मे हा महाराष्ट्राचा दिवस आणि तोच कामगाराचाही दिवस. त्या दिवशी या नावांना जागा नाही तर कोणत्या दिवशी?

बंधूंनो, भगिनींनो, चादर अंगावर घेतली की नक्षी दिसते, धागा दिसत नाही. पण नक्षी धाग्यावर उभी असते. धागा तुटला तर आपण काय करतो? माग थांबवतो, वाकतो, धागा सांधतो, मगच पुढचा धोटा टाकतो. गावातल्या माणसांनाही हाच नियम लावा. आज घरी जाताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे आली की ती केली कुणी ते नाव घेऊन खा. आणि उद्या पाळीवर येताना वर्गणीचे पुस्तक खिशात ठेवून या.

कांडीवाल्या-झाडूवाल्या बायांच्या श्रमाचा विजय असो!
विडी कामगार भगिनींचा विजय असो!
कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!