शोक आणि ऋण



31 जुलै 2024 रोजी बडोद्यात अंशुमान गायकवाड रक्ताच्या कर्करोगाने निवर्तले आणि क्रिकेटच्या रसिकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. राहात्याहून बडोदे दूर खरे. परंतु ज्याच्या खेळाचे वर्णन आपण नभोवाणीवर कानांत प्राण आणून ऐकले, त्याला परका कसे म्हणावे?

40 कसोटी सामने आणि 1,985 धावा, एवढ्या आकड्यांत त्यांची थोरवी मावत नाही. ती होती टिकून राहण्यात. 1976 साली जमैकात वेस्ट इंडीजच्या भयंकर वेगवान गोलंदाजीपुढे ते शिरस्त्राणावाचून उभे राहिले. 81 धावांवर चेंडू कानावर आदळला, तेव्हाच त्यांनी मैदान सोडले. 1983 साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी 671 मिनिटे खेळून 201 धावा केल्या.

असा धीराचा पुरुष आजारी पडला, उपचारांसाठी लंडनला गेला, तेव्हा खर्चाची चिंता उभी राहिली. संदीप पाटील यांनी ती जगापुढे मांडली. कपिल देव यांनी आपले निवृत्तिवेतन देऊ केले. जुलैच्या मध्यास क्रिकेट मंडळाने 1 कोटी रुपये जाहीर केले. पुढे तीन आठवडेही ते जगले नाहीत.

शोक खराच असतो. परंतु त्याने ऋण फिटत नाही. आपल्या गावीही एके काळी मैदान गाजविलेला एखादा वृद्ध खेळाडू असेल. त्याची विचारपूस त्याच्या हयातीतच करावी, एवढीच विनंती.