गांवच्या गाण्याची तबकडी



म्हसळा तालुक्यांत गणपती बसले कीं कोणत्या ना कोणत्या वाडींत जाखडीचा फड उभा राहतो. मध्यें शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला बसतात. भोंवतीं पायांत चाळ बांधलेले गडी रिंगण धरतात. एक पक्ष शक्तीचा, दुसरा तुऱ्याचा. एकानें पदांतून कोडें घालावें, दुसऱ्यानें पदांतूनच तें सोडवावें, असा हा झगडा पहाटेपर्यंत चालतो. शेवटच्या कडव्यांत शाहीर गुरूचें व स्वतःचें नांव गुंफतो. पुढें गौरी-गणपतींचें विसर्जन होतें, चाकरमानी एस. टी. धरून मुंबईस परततात, आणि त्या वर्षीं रचलेलीं पदें शाहिराच्या वहींत पडून राहतात. वही वाळवीच्या तोंडीं लागली किंवा शाहीर गेला, म्हणजे शब्द गेले; आणि शब्द कोणीं उतरून घेतले असले तरी त्यांची चाल जातेच. असल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणारी एखादी स्वतंत्र संस्था, मोठ्या भांडवलदाराच्या दारीं न जातां, चालवितां येईल काय, आणि ती टिकावयाची तर तिच्यामागें कोणता समाज उभा असावा लागेल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न आजकालचा नव्हे. ध्वनिमुद्रणाचा धंदा या देशांत आला तोच परक्यांच्या हातांनीं. १९०२ सालीं लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला. त्यानें नोव्हेंबरांत गौहर जान हिचें गाणें मुद्रित करून घेतलें, आणि तबकड्या छापून आल्या त्या जर्मनींतील हॅनोव्हर गांवाहून. गाणारी कोण हें तिकडच्या कारागिरांस कळावें एवढ्यासाठीं तिनें गाण्याच्या शेवटीं इंग्रजींत आपलें नांव उच्चारलें, असें सांगतात. यांत आणखी एक गंमत आहे. तबकडी ज्या लाखेची होत असे ती लाख बव्हंशीं हिंदुस्थानांतल्याच पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवरची. म्हणजे लाख येथली, गळा येथला, आणि ऐकणाराहि येथलाच. फक्त नफा तेवढा बोटींत बसून परदेशीं जाई. १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला आणि छपाई देशांत होऊं लागली. पण कोणाचें गाणें घ्यावें व कोणाचें घेऊं नये हें ठरविणारी पेढी तीच राहिली.

अशा परिस्थितींत १९३५ सालीं मुंबईंत ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ निघाली. तिनें आपल्या तबकडीस ‘यंग इंडिया’ हें नांव दिलें. गांधीजींचें त्याच नांवाचें साप्ताहिक त्यापूर्वीं देशभर वाचलें गेलें होतें. तेव्हां या नांवांतला स्वदेशीचा सूर ग्राहकास समजावून सांगावा लागला नसेल. कंपनीचें वैशिष्ट्य मात्र नांवापेक्षां तिच्या निवडींत होतें. तिच्या तबकड्यांचा मोठा भाग हौशी आणि उमेदवार गायक-गायिकांचा आहे. चित्रपटगीतें होतीं, रागदारी होती, पण ज्याला अद्याप कोणी ओळखत नाहीं त्याला तीन मिनिटांची संधी देणें हा तिचा खरा व्यवहार. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांहून फार अधिक मावत नसे. तेवढ्यांत गाण्याचा आकार उभा करावयाचा, आणि चूक झाली तर पुन्हां आरंभापासून गावयाचें, ही परीक्षा कांहीं सोपी नव्हे. हौशी म्हटलें कीं नाक मुरडणारे रसिक पुष्कळ असतात. परंतु आज नामवंत म्हणून मिरविणारा प्रत्येक गवई कोणे एके काळीं कोणाच्या तरी दिवाणखान्यांतला हौशी मुलगाच होता, हें ते विसरतात.

वीस वर्षांत या कंपनीनें सुमारे १०,००० गीतें बाजारांत आणलीं. १९५५ मध्यें तिचें काम थांबलें, आणि येथून पुढची हकीकत विचार करावयास लावणारी आहे. लाखेची तबकडी ठिसूळ असते. हातांतून निसटली तर तुकडे. घरोघरचे फोनो माळ्यावर गेले, तबकड्या भंगारांत गेल्या. ज्या हौशी कलावंतांना दुसऱ्या कोणीं कधीं बोलावलें नव्हतें, त्यांच्या आवाजाचा तोच एकुलता एक पुरावा होता. पुढें १९९० सालीं मुंबईंत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. तिचे कार्यवाह डॉ. सुरेश चांदवणकर यांनीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या साह्यानें ‘यंग इंडिया’च्या मिळतील त्या तबकड्या संग्राहकांकडून मिळविल्या आणि त्यांचें संगणकावर पुनर्मुद्रण करविलें. कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षें चालतो. म्हणजे या तबकड्यांवरचा तो हक्क केव्हांच सरला आहे. गाणें सर्वांस मोकळें झालें, पण मोकळें झालेलें गाणें शोधावयास जावें तर तबकडीच हातीं लागत नाहीं. कंपनीनें माल विकला. तो सांभाळणारी मंडळी मात्र तिच्या मागें उभी राहिली नव्हती. तें काम पस्तीस वर्षांनंतर परक्या माणसांनीं अंगावर घेतलें.

याच्या अगदीं उलट उदाहरण पुण्याचें. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनीं १९११ मध्यें भारत गायन समाज स्थापन केला. बुवा १९२२ सालीं वारले, आणि त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. पण शिष्य राहिले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या गळ्यांतून बुवांची तालीम महाराष्ट्रानें ऐकली, आणि त्यांनीं लावलेलें गायन समाजाचें रोप एका शतकाहून अधिक काळ जगलें. कोल्हापूरचा देवल क्लब तर १८८३ सालचा. येथें समाज आहे आणि तबकडी नाहीं. मुंबईस तबकडी होती आणि समाज नव्हता. दोन्ही गोष्टी एके ठिकाणीं नांदल्या तर काय होतें?

त्याचें उत्तर समुद्रापलीकडे, न्यू यॉर्क शहरीं सांपडतें. मोझेस ॲश या गृहस्थानें १९४८ मध्यें ‘फोकवेज’ ही ध्वनिमुद्रिकांची पेढी काढली. त्यापूर्वींच्या त्याच्या पेढ्या बुडाल्या होत्या, म्हणून या खेपेस त्यानें हिशेबाचा मार्ग बदलला. मुद्रिका थोड्याच छापावयाच्या, परंतु यादींतून कोणतीहि काढून टाकावयाची नाहीं. वर्षांतून एक गिऱ्हाईक आलें तरी त्याला ती मिळाली पाहिजे. शेतकऱ्यांचीं गाणीं, मजुरांचीं गाणीं, मुलांचे खेळ, बेडकांचे आवाज, सर्व कांहीं त्यांत आलें. प्रत्येक मुद्रिकेबरोबर माहितीची पुस्तिका असे. म्हणून ती शाळेंत व ग्रंथालयांत गेली, आणि शिक्षक, विद्यार्थी व गाणारे यांचा एक गोतावळा तिच्याभोंवतीं जमला. १९८६ सालीं ॲश वारला तेव्हां यादींत २,००० हून अधिक मुद्रिका होत्या. पुढच्याच वर्षीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनें ती सर्व ठेव घेतली. अट एवढीच होती कीं एकहि मुद्रिका बंद पडूं द्यावयाची नाहीं.

आपल्याकडे मध्यंतरीं कॅसेटचा काळ येऊन गेला. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि गांवोगांवचीं कोळीगीतें, भारुडें, भजनें बाजारांत आलीं. एका मोठ्या कंपनीची मिरास मोडली हें चांगलेंच झालें. पण गाणाऱ्यास एकदांच कांहीं रक्कम हातावर ठेवून सर्व हक्क लिहून घेण्याची रीत कांहीं मोडली नाहीं. मुंबईचे तबलावादक अनीश प्रधान व गायिका शुभा मुद्गल यांनीं २००३ मध्यें ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली ती नेमक्या याच दुखण्यावर. कलावंतानें स्वतः काढलेली मुद्रिका त्याच्याच मालकीची राहावी आणि तरीहि तिला विक्रीस जागा मिळावी, अशी ती योजना होती. २०१२ च्या कायद्यानेंहि गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनांतला वाटा करार करून हिरावून घेण्यास मज्जाव केला आहे. आमच्या शाहिरांपैकीं कितीजणांना हा कायदा माहीत असेल, याचा अंदाज श्रोत्यांनींच करावा.

आतां म्हसळ्याकडे वळूं. १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानांत असलेला, राजपुरीच्या खाडीच्या टोंकाशीं वसलेला हा मुलूख. येथें भांडवलदार नाहीं, हें खरें. पण वर्गणीदार आहे. बहुतेक गांवांचें एखादें ग्रामस्थ मंडळ मुंबईंत असतें, आणि देवळाच्या जीर्णोद्धारास तें वर्गणी जमविल्यावांचून राहत नाहीं. मराठींतलीं कित्येक पुस्तकें आगाऊ वर्गणीदारांच्या जोरावर निघालीं आहेत. तीच रीत येथें लावावी. ध्वनिमुद्रणाला आज कारखाना लागत नाहीं. एक बरें यंत्र, दोन चांगले ध्वनिग्राहक आणि जाड गोधड्या टांगून शांत केलेली शाळेची खोली एवढ्यावर काम भागतें. ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाईल असतांना संस्था हवी कशाला, असें कोणी विचारील. मोबाईलवर घेतलेलें गाणें चार दिवस इकडून तिकडे फिरतें आणि मग त्याचा धनी कोण, शाहीर कोण, वाडी कोणती, हें कांहींच उरत नाहीं. संस्थेचें काम मुख्यतः हें कारकुनी काम आहे. प्रत्येक गाण्यास आंतरराष्ट्रीय पद्धतीचा बारा अक्षरांकांचा संकेत मिळतो, तो घ्यावा. शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला आणि नाचणारे गडी यांचीं नांवें, गांव व तारीख लिहावी. वाट्याचा करार एक पानाचा व मराठींत असावा, आणि तो सर्वांदेखत वाचून दाखवावा. मूळ मुद्रणाच्या प्रती दोन गांवीं ठेवाव्या. शाहिरानें शेवटच्या कडव्यांत नांव गुंफलेलें असतेंच. तेंच कागदावर आणावयाचें आहे.

शक्तीवाले व तुरेवाले एका संस्थेंत नांदतील काय, ही शंका मोठी आहे, आणि ती हंसण्यावारी नेऊं नये. मान कोणास पहिला, यावर फड मोडतात. परंतु सवाल आणि जबाब एकाच मुद्रिकेंत आल्याखेरीज दोहोंपैकीं कोणाचेंहि पद पुरतें समजत नाहीं, ही गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य होण्यासारखी आहे. हिशेबाची वही एका पक्षाकडे व किल्ली दुसऱ्याकडे ठेवली म्हणजे पुष्कळ भांडणें आपोआप टळतात.

आणखी एक भाग राहतो तो बायकांच्या गाण्यांचा. या तालुक्यांत कोंकणी मुसलमान वस्ती मोठी आहे. त्यांच्या घरांतल्या वडील बायका लग्नांत त्यांच्या बोलींतलीं गाणीं म्हणतात. हिंदु घरांत हळदीचीं व जात्यावरचीं गाणीं आहेत. हीं गाणीं चारचौघांपुढें म्हणावयाचीं नसतात. तेथें पुरुषानें यंत्र घेऊन जाणें उचित नव्हे. गांवांतल्या शिकलेल्या मुलींस यंत्र चालविण्यास शिकवावें, आणि म्हणणारीची इच्छा असेल तरच गाणें बाहेर द्यावें. तिचें नांव घालूं नये असें ती म्हणाली तर तें वहींतच राहूं द्यावें.

कामाचा आरंभ मात्र गणपतींत करूं नये. त्या धांदलींत कोणाला सवड नसते. शिमग्याची पालखी देवळांत परतली कीं शाहिरांच्या वह्या मागून घ्याव्या, चाली विचारून घ्याव्या आणि मुद्रण वैशाखांत उरकावें. मृगाच्या पावसाला सुरुवात झाली कीं पत्र्यावरच्या आवाजांत गाणें ऐकूं येत नाहीं, वह्यांना बुरशी धरते, आणि शाहीर तर लावणीसाठीं चिखलांत उतरलेला असतो.