उत्खनन संपल्यावर फायली कुणाच्या हवाली?



परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार मानते आणि लगेच विषयाकडे वळते, कारण जेवणाच्या सुट्टीआधी मला थांबायचं आहे. या जागेवरून सातवाहनांवर किंवा विदर्भातल्या शिळावर्तुळांवर बोललं जावं अशी रीत आहे. मी हार्ड डिस्कवर बोलणार आहे. उत्खननातून आणि सर्वेक्षणातून निघालेल्या डिजिटल नोंदी कायमच्या सांभाळायला कोणत्या भांडाराकडे द्यायच्या, हा माझा विषय. हा संगणकवाल्यांचा प्रश्न आहे असं समजून आपण तो बरीच वर्षं त्यांच्याकडे ढकलला. तो आपला आहे.

पांढरीचा जो भाग आपण खणतो तो पुन्हा खणता येत नाही. मागे राहतात त्या वस्तू आणि नोंदी, आणि नोंदींवाचून वस्तू नुसत्या वस्तू. ह. धी. सांकळियांच्या पिढीनं यावरचा उपाय छापील अहवालात पाहिला आणि तो नेटानं अमलात आणला. नाशिक आणि जोर्वे इथलं उत्खनन १९५०-५१ सालचं, अहवाल १९५५ मध्ये तयार. नेवाशाचं १९५४-५६ मधलं काम १९६० साली ग्रंथरूपात आलं. इनामगावला १९६८ ते १९८३ काम चाललं, १९८८ मध्ये त्याचे खंड निघाले. या ग्रंथांच्या प्रती पुण्यात राहिल्या, दिल्लीला गेल्या, परदेशांतल्या ग्रंथालयांत पोचल्या. उद्या यातलं एखादं ग्रंथालय जळालं तरी नेवासा शाबूत आहे. त्या पिढीला भांडार निवडावं लागलं नाही, कारण ग्रंथालयं ते काम विनातक्रार करत होती.

आता आजचा एक हंगाम घ्या. टोटल स्टेशनचे बिंदू, ड्रोननं टिपलेली हजारो छायाचित्रं, त्यांतून जुळवलेलं त्रिमितीय प्रारूप, अँटिक्विटी रजिस्टरची एक्सेल शीट, खापरांच्या मोजणीचे तक्ते, हाडांची आणि बियांची निरीक्षणं. यातलं छापील अहवालात मावतं ते फार थोडं. उरलेलं उत्खनन-संचालकांच्या कपाटातल्या डिस्कवर असतं, नाहीतर पीएचडी करणाऱ्या एखाद्या मुलीच्या विद्यापीठीय ईमेलला जोडलेल्या ड्राइव्हवर. संचालक निवृत्त होतात, कपाट दुसऱ्याला मिळतं. मुलीला पदवी मिळते, खातं बंद होतं. यात दोष कुणाचाच नसतो, आणि हंगाम मात्र गेलेला असतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. पूर्व लंडनमधल्या न्यूअम संग्रहालयाची पुरातत्त्व सेवा १९९८ मध्ये बंद झाली. तिच्या डिजिटल नोंदी दोनशेहून अधिक फ्लॉप्यांवर यॉर्क विद्यापीठातल्या ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’कडे आल्या. फ्लॉप्या वाचता येणं हा त्यातला सोपा भाग होता. फाइल कोणत्या सॉफ्टवेअरची, कोणत्या स्थळाची, स्तंभाच्या माथ्यावरच्या दोन अक्षरी संक्षेपाचा अर्थ काय, हे सांगणारी माणसं पांगली होती. बरंच वाचलं, काही फायली उघडूनही मुक्याच राहिल्या.

मुकी फाइल म्हणजे काय, ते आपल्याच मातीतल्या उदाहरणानं सांगते. सर्वेक्षणात आपण जागेचे आकडे बहुधा यूटीएम पद्धतीनं नोंदवतो. या पद्धतीत पृथ्वी सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत विभागलेली आहे आणि ७८ अंश रेखावृत्त विदर्भाच्या मधून जातं. अमरावती ४३व्या पट्ट्यात, नागपूर ४४व्या. शीटमध्ये पूर्वेचे आणि उत्तरेचे आकडे आहेत, पट्ट्याचा क्रमांक लिहायचा राहिला. करणाऱ्याला तो ठाऊकच होता, लिहायची गरज वाटली नाही. वीस वर्षांनी कुणी ते आकडे ४३व्या पट्ट्यात भरले की माहूरझरीची शिळावर्तुळं उचलून सुरत जिल्ह्यात जाऊन बसतात. अक्षांश तंतोतंत बरोबर असतो, म्हणून पटकन शंकाही येत नाही. एवढ्या पुराव्यावर महापाषाणीय संस्कृती तापीच्या मुखाकडे सरकवणारा शोधनिबंध लिहिणारा कुणीतरी निघेलच.

दुसरं उदाहरण कार्बन-१४ तारखांचं. टीएफ क्रमांकाच्या तारखा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेच्या. पुढे ते काम अहमदाबादला भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेत गेलं आणि पीआरएल क्रमांक सुरू झाले. त्या काळातल्या याद्यांत तारीख कधी ५५६८ वर्षांचं अर्धायुष्य धरून काढलेली असते, कधी ५७३० धरून. तीन हजार वर्षांच्या तारखेत यानं सुमारे ८७ वर्षांचा फरक पडतो. जोर्वे संस्कृतीचा आधीचा टप्पा कुठे संपतो आणि उत्तरकाळ कुठे सुरू होतो यावर वाद घालणाऱ्यांना ८७ वर्षं थोडी नव्हेत. ज्यांनी प्रयोगशाळेचा क्रमांक, मूळ आकडा आणि अर्धायुष्य तिन्ही लिहून ठेवलं, त्यांच्या तारखा आज नव्या कॅलिब्रेशन वक्रावर पुन्हा बसवता येतात. ज्यांनी फक्त ‘इ.स.पू. अमुक’ छापलं, त्यांच्या तारखेला आपण मान डोलावतो आणि पुढे जातो.

म्हणून भांडाराला विचारायचा एक प्रश्न असा: माझ्या फायलीत काय कमी आहे, हे तुमच्याकडचं कुणी मला सांगणार आहे का? ‘झेनोडो’चं उदाहरण घ्या. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुविज्ञान संस्थेनं २०१३ मध्ये ते सुरू केलं. पैसे लागत नाहीत, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत सामान मावतं, डीओआय क्रमांक हातोहात मिळतो. सोय म्हणून उत्तम. पण तिथे तुमची शीट कुणी उघडून बघत नाही. पट्टा न लिहिलेली फाइल जशी दिली तशीच्या तशी, एकही अक्षर न हरवता, ते सांभाळतील. अमेरिकेतलं ‘ओपन कॉन्टेक्स्ट’ याच्या उलट वागतं: तिथे संपादक तक्ता तपासतात, संक्षेप उलगडून घेतात, लेखकाला प्रश्न विचारून बेजार करतात आणि मगच प्रकाशित करतात. वेळ लागतो, पैसेही लागतात. माझा कौल बेजार करणाऱ्यांच्या बाजूनं आहे.

दुसरा प्रश्न याहून अवघड, आणि तो विचारायला आपण संकोचतो: तुम्ही बंद पडलात तर काय? झेनोडोनं याचं उत्तर आपल्या धोरणात प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. सर्न असेपर्यंत आम्ही आहोत, आणि सर्नचा कार्यक्रम पुढच्या किमान वीस वर्षांसाठी आखलेला आहे. इनामगावच्या रांजणापुढे वीस वर्षं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पण निदान त्यांनी आकडा सांगितला. आपल्याकडच्या किती विभागीय संकेतस्थळांना असा आकडा सांगता येईल?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न खरोखर उभा राहिला. मानव्यविद्यांच्या डिजिटल साहित्यासाठी तिथे ‘आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज डेटा सर्व्हिस’ नावाची राष्ट्रीय व्यवस्था होती, तिचा निधी २००८ मध्ये थांबला. यॉर्कचं पुरातत्त्व भांडार १९९६ पासून तिचाच एक भाग होतं, पण ते तगलं. अनुदान अजिबात नव्हतं असं नाही, पण तेवढ्यावर ते अवलंबून नव्हतं. नोंदी जमा करणाऱ्याकडून ते जमा करतानाच एकदा शुल्क घेतं, फायलींच्या संख्येवर आणि प्रकारावर ठरणारं. वाचणाऱ्याला मात्र सगळं मोफत. त्यामुळे तिथल्या उत्खननाच्या अंदाजपत्रकात जतनाची रक्कम मजुरी आणि तंबूंच्या शेजारी लिहिलेली असते. नेदरलँड्समध्ये तर व्यावसायिक उत्खननाच्या नोंदी ‘डान्स’ या राष्ट्रीय भांडारात जमा करणं नियमानंच बंधनकारक आहे. आपल्या अंदाजपत्रकात ड्रोनचं भाडं असतं. ड्रोननं काढलेल्या छायाचित्रांचं पुढे काय, याला रकाना नसतो.

भांडारांची पारख करण्यासाठी ‘कोअरट्रस्टसील’ नावाचं प्रमाणपत्र आहे. त्याच्या सोळा अटी आहेत. त्यांतली एक नेमकी हीच: सेवा खंडित झाली तर साहित्य कुणाच्या हवाली करणार, याची योजना दाखवा. सगळ्या सोळा अटी वाचायला वेळ नसेल तर निदान या एका अटीचं उत्तर वाचा. बाकी गोष्टी, म्हणजे सीएसव्ही की एक्सेल, टिफ की जेपीईजी, या महत्त्वाच्या आहेत, पण त्या चांगलं भांडार स्वतःहून सांगतं. त्यावर दुपारची कार्यशाळा आहे.

तिसरा प्रश्न कुणाला काय दाखवायचं हा. खुलेपणाचा मी पुरस्कार करते, पण न खणलेल्या टेकाडाचे अचूक आकडे जगाला खुले करणं म्हणजे खजिना शोधणाऱ्याला गाडीभाडं देण्यासारखं आहे. अमेरिकेत १९७९ च्या कायद्यानं स्थळांची जागा जाहीर करण्यावर बंधनं घातली, म्हणून ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या ‘टीडार’ भांडारात फाइल खुली ठेवून जागा झाकता येते. आपल्यालाही तेच हवं: गाव-तालुका सर्वांना, आकडे मागणी करणाऱ्या अभ्यासकाला. कोकणातल्या कातळशिल्पांना मात्र उलटा न्याय लावावा लागेल. त्यांतली काही २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि ज्या जांभ्याच्या सड्यावर ती कोरली आहेत तिथेच चिरेखाणींचा आणि मोठ्या प्रकल्पांचा दबाव आहे. तिथे जागा लपवण्यापेक्षा ती अधिकृतपणे नोंदलेली असणं हेच संरक्षण.

आणि कातळशिल्पांपाशीच आपली खरी अडचण सुरू होते. सड्यावर ड्रोन फिरवून काढलेला नकाशा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असतो. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आडव्या मापात १ मीटरपेक्षा सूक्ष्म अचूकतेची माहिती भारतातच साठवावी लागते आणि तिच्यावरची प्रक्रियाही इथेच करावी लागते. मी वकील नाही, पण याचा सरळ अर्थ घेतला तर यॉर्क किंवा जिनिव्हा हा पर्याय अशा नकाशांसाठी नाहीच. खापरांचे तक्ते, हाडांची मोजमापं, तारखांच्या याद्या परदेशी भांडारात ठेवायला मला काही गैर वाटत नाही. राखीगढीच्या सांगाड्याचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकीय डेटा युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्हमध्ये आहे, कारण त्या क्षेत्रात जमा केल्याशिवाय नियतकालिक लेख छापत नाही. त्यानं आपलं काही बिघडलं नाही. उलट त्या कामाशी भांडायचं असेल तर मूळ डेटा कुणालाही उतरवून घेता येतो.

मग इथे काय आहे? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा आहे, तिथे प्रबंध सुरक्षित राहतो. पण परिशिष्टातला खापरांचा तक्ता पीडीएफमध्ये गोठलेला असतो, त्यातून आकडे काढायचे तर पुन्हा टाइप करा. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी ग्रंथ-लेखांसाठी उपयोगी आहे. स्मारकं आणि पुरावस्तूंच्या नोंदीसाठी २००७ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्याचं काम वस्तूंच्या सूचीचं. उत्खननाचा अख्खा नोंदसंच, त्यातल्या परस्परसंबंधांसह, घेऊन सांभाळणारं भांडार या देशात मला दिसत नाही.

ते उभारा असा ठराव करून आपण घरी गेलो तर एक इमारत होईल, तिच्यावर पाटी लागेल आणि सर्व्हरच्या खोलीतलं एसी दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडेल. मला इमारत नको आहे. मला दोन पदं हवी आहेत, कायमस्वरूपी. एक पुरातत्त्वाचं शिक्षण झालेला डेटा-संपादक, जो उत्खनकाला ‘पट्टा कोणता?’ असं विचारेल. दुसरा संगणकाचा जाणकार, जो दर काही वर्षांनी फायली नव्या स्वरूपात नेईल आणि नेल्यावर त्या उघडतात का ते पाहील. साठवण भाड्यानं घेता येते. ही माणसं भाड्यानं आणली की प्रकल्पाबरोबर जातात.

आणि भांडाराची निवड उत्खनन संपल्यावर करायची नाही. परवानगीचा अर्ज भरताना करायची. तेव्हा निवडलं तर रजिस्टरचे स्तंभ, खंदकांचे क्रमांक, छायाचित्रांची नावं भांडाराला चालतील अशी पहिल्या दिवसापासून ठेवता येतात. नंतर हे करायला बसलं की तो एका स्वतंत्र प्रकल्पाइतका व्याप होतो, आणि त्याला निधी कुणी देत नाही.

सर्वसाधारण सभेपुढे संध्याकाळी मी एक मसुदा ठेवते आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. पुढच्या अधिवेशनापासून उत्खननावरचा निबंध सादर करणाऱ्यानं नोंदी कुठे ठेवल्या आहेत हे पहिल्याच पानावर लिहावं, ‘अजून कुठेच नाही’ हे उत्तरही चालेल. प्रत्येक उत्खननाच्या अंदाजपत्रकात जतनाचा स्वतंत्र रकाना असावा, अशी विनंती निधी देणाऱ्या संस्थांना परिषदेनं करावी. आणि राज्यातल्या पुरातत्त्व विभागांनी एकत्र येऊन वर सांगितलेल्या दोन पदांचा प्रस्ताव द्यावा. ही पदं कोणत्या संस्थेत असावीत यावर कार्यकारिणीत काल एकमत झालं नाही. मसुद्यात ती ओळ कोरी आहे. ज्यांना आपल्या संस्थेचं नाव तिथे घालायचं असेल त्यांनी सभेला येताना एवढंच लिहून आणावं, की पुढची वीस वर्षं त्या दोघांचे पगार कुठून देणार.