जुनी गाडी की नवी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची मला सवय नाही. पण आमच्या घरी गाडीवरून जे रामायण झाले ते सांग, असा तुमचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

आमची गाडी 2010 सालची. छोटी, पेट्रोलवर चालणारी. सासूबाईंच्या उपचारांसाठी वाईहून साताऱ्यास महिन्यातून सात-आठ खेपा होतात. जुलै 2025 मध्ये भर पावसात पाचवडजवळ गाडीच्या तोंडातून वाफ येऊ लागली. ह्यांनी तेथेच गाडी थांबविली. रेडिएटरचा रबरी पाइप फाटून पाणी वाहून गेले होते. सासूबाई तासभर गाडीत बसून राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागले.

त्याच रात्री ह्यांनी जाहीर केले, "आता नवी घ्यायची." आमच्याकडे गिरणीचा पट्टा बदलायचा तरी मला विचारतात, गाडीचे मात्र मला कोणी विचारले नव्हते. पुढे सप्टेंबरात लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि दसरा तोंडावर. मुलाने रंगसुद्धा ठरविला!

मी पैसे ठेवते त्या डब्यातली वही काढली. मागच्या वर्षी गाडीला काय लागले? सर्व्हिसिंग 6,500, दोन टायर 8,000, बॅटरी 4,500, क्लचप्लेट 9,000, विमा 2,500. एकूण 30,500, म्हणजे महिना अडीच हजारांच्या थोडे वर. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाख. दीड लाख रोख, पाच लाख कर्ज. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता 10,379 रुपये. व्याजच सव्वा लाखाच्या घरात! नवी गाडी पेट्रोल कमी पिते हे खरे. पण आमच्या सहाशे किलोमीटरला जुनीला चाळीस लिटर लागत असेल तर नवीला तीस. वाचले महिन्याला हजारभर. त्यात हप्ता कसा भागणार? आणि तो दीड लाख होता थोरलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेला.

हे वाचून दाखविले तर हे म्हणाले, "तुला गाडीतलं काय कळतं?" दोन दिवस अबोला. मी म्हटले, मला कळत नाही, मेस्त्रींना कळते, त्यांना विचारू. मेस्त्रींनी इंजिन तपासले. म्हणाले, "वाफ दिसताच थांबलात म्हणून वाचलात. तशीच दामटली असती तर हेड गॅस्केट गेलं असतं." इंजिन तेल खात नव्हते, खालचा पत्रा गंजलेला नव्हता. सगळे जुने रबरी पाइप, पट्टा आणि पाण्याचा पंप बदलायला 14,000 सांगितले.

शेजारी म्हणत होते, पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात. पण तो आदेश दिल्ली व तिच्या आसपासच्या भागासाठी निघाला होता. आपल्याकडे आरटीओत गाडी तपासून घेऊन नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी मिळते. फी 5,000, शिवाय पर्यावरण कर. ते सोपस्कार आम्ही पुरे केले.

एका गोष्टीचे उत्तर मात्र माझ्या वहीत नाही. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, नव्या गाड्यांत असतात. अपघात काही विचारून येत नाही. मी आता मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावल्याशिवाय गाडी हलू देत नाही. मुले मला 'हवालदार' म्हणतात, म्हणोत. पण सासूबाईंना घेऊन गाडी निघाली की ती परत येईपर्यंत माझे लक्ष दारात असते, हे तुमच्यापाशी कबूल करते.

शेवटी असे ठरले की थोरलीचे शिक्षण पुरे होईपर्यंत हीच गाडी ठेवायची. महिन्याला 5,000 आवर्ती ठेवीत टाकायचे, म्हणजे तीन वर्षांत मुद्दलच 1,80,000 होईल आणि कर्ज कमी काढावे लागेल. मात्र मध्येच इंजिनाचे मोठे काम निघाले, तर त्यावर पैसा न घालता गाडी विकायची. ही अट ह्यांची, आणि मला ती पटली.

सासूबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "मला काय, बसायला मऊ आणि पोचायला वेळेवर हवं." मऊ करण्यापुरती मी जुन्या लुगड्याची चौघडी शिवून सीटवर घातली आहे. पाचवडनंतर गाडी अजून अडलेली नाही. मी बरोबर केले असे हे काही म्हणालेले नाहीत, पण पेट्रोलचा आकडा हल्ली वहीत तेच लिहितात.

वही मी आज बरोबर आणली आहे. कोणाला आपल्या गाडीचा हिशेब मांडून पाहायचा असेल, तर चहाच्या वेळी बसू.