बदाम कवचासकट की सोललेला?



हैदराबादच्या गौलीगुडा, इसामिया बाजार, काचीगुडा या भागात मराठी घरं पुष्कळ. त्यांतल्या कुणा जुन्या माणसासमोर 'करोडगिरी' हा शब्द काढून बघा. माहिती मिळायच्या आधी बहुधा एखादी शिवीच ऐकू येईल. करोडगिरी म्हणजे निजामाचं कस्टम खातं. निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात 1802 साली व्यापारी तह झाला आणि मालाच्या किमतीवर शेकडा पाच जकात ठरली. पुढे दीडशेक वर्षं सोलापूरचं कापड इकडे यायचं तर नाका लागायचाच. दर सगळ्यांना ठाऊक होता, भांडण असे ते किमतीवरून. शेकडा पाच घ्यायचे ते व्यापारी सांगेल त्या किमतीवर, की नाकेदाराला वाटेल त्या? निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या कार्यकर्त्यांनी हल्ल्यांसाठी करोडगिरीचे नाके निवडले, ते काही उगाच नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं, नाके मात्र लगेच उठले नाहीत. हैदराबादसारख्या राज्यांच्या तिजोरीला या उत्पन्नाची सवय होती. म्हणून केंद्राशी करार करून अशी जकात काही वर्षं चालू ठेवता येईल, अशी सोय संविधानाच्या कलम 306 मध्ये करावी लागली. ते कलम 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं गेलं. म्हणजे वाईट नाकासुद्धा उठवायचा तर वेळ लागतो. सरकार कुणाचंही असो, येणारा पैसा सोडवत नाही.

आता नाका देशाच्या वेशीवर आहे. आपल्या शेजारच्या बेगमबाजारात बदाम, पिस्ते, अंजीर, खजूर यांचा घाऊक व्यापार चालतो. त्यातला बदामच घेऊ. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या दरपत्रकात आठ आकडी नंबर असतो. बदामाचे नंबर 0802 नं सुरू होतात, आणि कवचासकट बदामाचा नंबर वेगळा, सोललेल्याचा वेगळा. अमेरिकेच्या बदामावर 2019 साली बसवलेली जादा ड्यूटी सप्टेंबर 2023 मध्ये काढली, तेव्हा मूळ दर राहिले ते असे: कवचासकट किलोमागे 35 रुपये, सोललेल्यावर किलोमागे 100. समजा, 20 टन माल आला. नंबर एक पडला तर नुसती मूळ ड्यूटी सात लाख, दुसरा पडला तर वीस लाख. ही ड्यूटी किलोवर असल्यामुळे तिच्यापुरता किमतीचा वाद उरत नाही, करोडगिरीच्या काळातलं दुखणं इथे तरी बरं झालं. पिस्त्यावर मात्र ड्यूटी टक्क्यानं, तिथे किंमत किती हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

हा नंबर घालायचा कुणी? एके काळी आकारणी अधिकारी करत असे. एप्रिल 2011 पासून कायद्यानं ते काम व्यापाऱ्याकडे दिलं. वस्तू कोणती, किंमत किती, ड्यूटी किती, हे 'बिल ऑफ एंट्री' या आयातीच्या कागदात आपणच लिहायचं. कोणता माल तपासायचा आणि कोणता तसाच सोडायचा, हे कॉम्प्युटर जोखीम पाहून ठरवतो. 2018 पासून कागदपत्रं स्कॅन करून वर चढवायची. 2020 मध्ये आणखी मोठा बदल झाला: कागद हैदराबादच्या मालाचे असले तरी ते तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरातला असू शकतो. त्याचं नाव तुम्हाला कळत नाही, तोंड तर नाहीच नाही.

माझ्या मते या सगळ्यात मोलाचा बदल हाच. 'साहेब आपले ओळखीचे आहेत' या एका वाक्यावर कित्येकांचे धंदे चालले, ते वाक्यच निकामी झालं. तोटा एवढाच की माल हातात घेऊन समोर बसून समजावून सांगायची सोय राहिली नाही. स्क्रीनवर इंग्रजीत शंका येते, उत्तरही तिथेच द्यायचं. ज्यांच्या पेढीत असं उत्तर लिहिणारा माणूस आहे त्यांचं भागतं. तीन पिढ्या पाठ टेकून बसलेल्या लोडावरून ते जमत नाही.

आणि घड्याळ चालूच असतं. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री सर्वसाधारणपणे माल पोचायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं, असा 2021 पासूनचा नियम आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार, पुढे रोज दहा हजार दंड. वखारीचं भाडं वेगळं.

परदेशात माल पाठवणाऱ्यांसाठीही थोडं सांगतो. घरी मसाले, लोणची, पापड करून विकणाऱ्या आपल्या बायकांना वाटतं, निर्यात म्हणजे कंटेनर. तसं नाही. डिसेंबर 2022 च्या नियमांमुळे पोस्टातून निर्यात करण्याचे कागद ऑनलाइन भरता येतात, आणि त्यासाठी 'डाक घर निर्यात केंद्रं' उघडली आहेत. आयात-निर्यात परवान्याचा नंबर, ज्याला आयईसी म्हणतात, तो म्हणजे आता तुमचा पॅन नंबरच. खाद्यपदार्थांचे त्या त्या देशाचे नियम मात्र आधी पाहून घ्या.

आयातदारांशी शेवटचं बोलतो. माल सुटला म्हणजे प्रकरण मिटलं, असं समजू नका. कमी भरलेली ड्यूटी दोन वर्षांपर्यंत मागता येते, लबाडी दिसली तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून कागद निदान पाच वर्षं जपून ठेवा. नोटीस तुमचे कागद भरणाऱ्या कस्टम ब्रोकरच्या नावावर येत नाही, तुमच्या नावावर येते.

बिल भरण्याआधी ब्रोकर तुम्हाला एक चेकलिस्ट पाठवतो. व्हॉट्सॲपवर येते, आणि दुकानातल्या गर्दीत आपण न उघडताच 'ओके' टाकतो. तसं करू नका. इंग्रजी अडत असेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा. मालाचं वर्णन, वजन आणि तो आठ आकडी नंबर तिच्याकडून वाचून घ्या, गोणीतल्या मालाशी ताडून पाहा, आणि मगच ओके म्हणा.